आधी वेलांटी

काच पुसायची म्हणून त्याने पाटी उचलली, खिडकीतून येणाऱ्या उन्हात जराशी तिरकी धरली, आणि त्याला ताईची बोटं दिसली. म्हणजे बोटांचे ठसे. पाटी म्हणजे काही खरी दगडी पाटी नव्हे. हातात मावणारा, चपटा, काचेचा संगणक. पण पक्षाघाताच्या पहिल्या झटक्यात ताईची वाचा गेली तेव्हा त्याने तिच्यासाठी त्यावर अक्षरांचा फळा बनवला, तिच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, “ही घे तुझी पाटी.” तेव्हापासून घरात तिचं नाव पाटीच. गेला महिनाभर ती कपाटावर फडक्याखाली पडून होती, कारण मधे दुसरा झटका आला. छोटासाच, डॉक्टर म्हणाले, जणू छोट्या झटक्याला घर लहान लागतं. त्यानंतर ताईने पाटीकडे हात केला नव्हता. आज दुपारी बाई येणार होत्या, बोलणं हरवलेल्यांना पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या बाई, आणि आज ताईची परीक्षा होती. परीक्षेला जाताना पाटी स्वच्छ हवी, एवढ्याच साध्या विचाराने त्याने ओलं फडकं घेतलं, काचेचा वरचा अर्धा भाग पुसला, आणि राहिलेल्या अर्ध्यावर ऊन आडवं पडल्याबरोबर ते ठसे उठून आले. चिकट, गोल, एकावर एक. काही अक्षरांवर एकही नाही, काहींवर पुसट. आणि खालच्या ओळीतल्या एका चौकोनावर ठशांचा नुसता चिखल झालेला. तो चौकोन पहिल्या वेलांटीचा होता.

फडकं धरलेला हात तसाच राहिला. मागे खुर्चीत ताई बसलेली होती, खिडकीकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून. ती कायम तशीच बसायची. खिडकीकडे तोंड असलं की काचेवर उजेड चमकतो आणि अक्षरं दिसत नाहीत, म्हणून त्यानेच पहिल्या आठवड्यात खुर्ची फिरवून घेतली होती. हुशारीने. सगळं त्याने हुशारीने केलं होतं. अक्षरं मोठी ठेवली, रंग डोळ्यांना न खुपणारे घेतले, डाव्या हाताला सोपं पडावं म्हणून मात्रा-वेलांट्या खाली आणल्या, कारण उजवा हात तिच्या मांडीवर कुणी विसरून गेलेल्या मोज्यासारखा पडलेला असायचा. आणि चुकलं तर कळावं म्हणून आवाज ठेवला होता. ‘टुक्’. अगदी हळू, कुणाला लागणार नाही असा. वेलांटी अक्षराच्या आधी दाबली की टुक्, आणि पडद्यावर ठिपक्यांचं एक वर्तुळ, त्याला चिकटून उभी राहिलेली ती वेलांटी. यंत्राची ती रीतच आहे. वेलांटीला बसायला अक्षर मिळालं नाही की यंत्र तिथे ठिपक्यांचं रिकामं घर काढून दाखवतं. कुणीतरी यायचं आहे, अजून आलं नाही. ताईचं बोट त्या आवाजाला चटका बसल्यासारखं मागे यायचं, आणि तो शेजारी बसून प्रेमाने सांगायचा, “नाही ताई. आधी अक्षर. मग वेलांटी.” तिचं बोट आपल्या बोटांत धरून नेमक्या जागी न्यायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वेलांटी, टुक्, वर्तुळ. “आधी अक्षर, ताई. किती वेळा सांगू?” ती त्याच्याकडे बघायची. त्या बघण्यात काय होतं ते त्याने तेव्हा वाचलं नाही. आणि आता फडकं हातात घेऊन उभा असताना त्याला एक ओवी ऐकू आली. बाहेरून नाही. आतून, फार खालून, भांड्यांच्या आवाजातून.

पहिली वेलांटी, पुढे पुढे चाले
मागून ती बोले, अक्षराच्या।

तो पहिलीत ढ होता. ही गोष्ट नंतर कुणाला सांगितली की लोक हसायचे, एवढा संगणकवाला माणूस आणि ढ! पण होता. मास्तर फळ्यावर ‘किडा’ लिहायचे आणि तो मोठ्याने ‘इकडा’ वाचायचा, कारण डोळ्यांना आधी वेलांटी दिसते, मग क. दिसेल तसं वाचायचं हेच तर शिकवलं होतं! मास्तर म्हणायचे, “इकडा का रे? तिकडा नाही का?” आणि सगळा वर्ग बाकं वाजवायचा. मधल्या सुट्टीत पोरं त्याच्याभोवती ‘इकडा-तिकडा, इकडा-तिकडा’ करत नाचायची. घरी येऊन तो कोपऱ्यात बसला. ताईची शाळा तोवर सुटली होती. आईला कारखान्याची पाळी असायची, घरात करणारं कुणी हवं, म्हणून ताई पाचवीतून घरी बसली ती बसलीच. ती भांडी घासत होती. स्वयंपाकघराच्या खिडकीला काळ्या दगडाचा कट्टा होता, हातभर रुंद. ती म्हणाली, “काय झालं? ये इकडे.” तो म्हणाला, “इकडे म्हणू नको.” ती इतकी हसली की हातातलं भांडं पडलं. मग तिने त्याला उचलून कट्ट्यावर बसवलं, ओलं बोट दगडावर टेकवलं आणि काढली एक वेलांटी. नुसती. उन्हात चकाकणारी पाण्याची काठी, वरून वाकलेली. “ही कोण?” “इ.” “गप. ही अजून कोणीच नाही. ही पुढे आलीय, हिचं माणूस मागून येतंय. ते आल्याशिवाय हिने बोलायचं नाही.” मग वेलांटीच्या पोटाखाली ख काढला. “आला. आता म्हण.” तो म्हणाला, “खि.” “मग पुढचं वाच, वाळायच्या आत वाच.” ड, क, आणि मागे दुसरी वेलांटी. ऊन कडक होतं, ख वाळायला लागला होता, वेलांटी तर निम्मी गेली होती, आणि तो घाईघाईने ओरडला, “खिडकी!” ताईने त्याच्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, जणू ती खिडकी आत्ताच कुणीतरी भिंतीत बसवली. त्याने वाचलेला तो पहिला शब्द. ओवी तिने त्याच दिवशी केली की नंतर, ते त्याला आता आठवत नव्हतं. तिला गाणी सुचायची, भांड्यांच्या तालावर. दुसरी ओळही होती:

दुसरी वेलांटी, मागे मागे राही
घाई तिला नाही, बोलायाची।

धडा संपला की ती त्याचं ओलं बोट आपल्या फ्रॉकच्या टोकात धरायची, चिमटीने पुसायची आणि म्हणायची, “झाली शाळा.” मग तो उठायचा. त्याच्या आधी नाही.

त्याने पाटी पुन्हा उन्हात धरली. आता तो बघत नव्हता, वाचत होता. वेलांटीवरचा तो चिखल, आणि त्यातून निघून वर ओढलेली एक पुसट रेघ. बोट उचलायला त्रास व्हायचा म्हणून ताई ते काचेवरून घासतच न्यायची. रेघ ख पर्यंत गेली होती. ड वर ठसे. क वर, वरचा अर्धा भाग पुसला गेला होता तरी फडक्याच्या कडेला अर्धगोल उरला होता. आणि दुसऱ्या वेलांटीवर. पुसायच्या राहिलेल्या भागातली बाकीची अक्षरं जवळजवळ कोरी. एक ढ तेवढा होता, पण तो त्याला माहीत होता. ढ हे तिने पहिल्याच दिवशी दाबलं होतं, त्याच्याकडे बघून. ती आयुष्यभर त्याला त्याच नावाने हाक मारत आली. त्याचं लग्न झालं, तो साहेब झाला, केस पिकले, तरी फोनवर, “काय रे ढ, जेवलास का?” त्या दिवशी ढ दाबलेलं बघून त्याने भाचीला फोन केला होता, “अगं, तुझी आई आहे! सगळी आत आहे!” त्या एका अक्षराच्या जोरावर त्याने पुढचे सगळे महिने ढकलले होते. आणि त्या सगळ्या महिन्यांत ती एकच शब्द लिहीत होती. वेलांटी आधी. तिच्या शाळेच्या रीतीप्रमाणे. खिडकी. खिडकी. खिडकी. आणि दर वेळी यंत्र टुक् म्हणालं, आणि तो म्हणाला, चुकलं.

गंमत अशी, की ऑफिसात त्याचं नावच ‘वेलांटी’ होतं. नोकरीची शेवटची वर्षं त्याने दुसरं काही केलं नाही. आधी सगळं केलं. शाळेतून निघाला तो तंत्रशाळेत, तिथून भोकं पाडलेल्या कार्डांच्या खोलीत, जिथे यंत्र भिंतीएवढं आणि माणूस यंत्राच्या मर्जीवर. मग फिती, मग चकत्या, मग टेबलावरची खोकी. प्रत्येक वेळी नवीन भाषा, नवीन पुस्तक, नवीन वर्ग. वर्गात तो हळूहळू थोरला झाला, मग म्हातारा. शिकवणारा पोरगा म्हणायचा, “काका, ते जुनं सगळं विसरा हं, नाहीतर हे डोक्यात शिरणार नाही,” आणि त्याला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. विसरण्यात तो तरबेज होता. शिकणं म्हणजे ओल्या बोटाने लिहिणं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. वाळायच्या आत वाचायचं, वाळलं की दगड मोकळा. सोबतचे लोक जुन्या यंत्रांवर रडले, अडले, वेळेआधी घरी बसले. तो नाही. बायको म्हणायची, “तुम्हाला परीक्षा नसेल तर करमत नाही.” ती गेल्यावरही तो रोज पहाटे उठून काहीतरी शिकायचा, नुसताच, कुणी विचारणार नसलं तरी. आणि शेवटी ऑफिसाने त्याला दिलं वेलांटीचं काम. जुन्या काळी छपाईसाठी साठवलेली हजारो पानं होती, शाळेची पुस्तकं बहुतेक. त्या जुन्या रीतीत अक्षरं जशी दिसतात तशी साठवलेली, वेलांटी आधी, अक्षर नंतर. नव्या रीतीत जशी ऐकू येतात तशी, अक्षर आधी, वेलांटी नंतर. प्रत्येक वेलांटी उचलायची आणि तिच्या अक्षराच्या मागे नेऊन ठेवायची. साहेब म्हणाले होते, “एवढीशी काठी, तिला काय एवढं?” पण जोडाक्षर आलं की काठी कुठे ठेवायची ते भल्याभल्यांना उमगत नव्हतं. ‘स्थिती’ची वेलांटी अर्ध्या स च्या डोक्यावरून उडी मारून थ च्या मागे गेली पाहिजे. त्याने आज्ञावली लिहिली, घासली, पुन्हा लिहिली. चुकलेल्या पानांवर ठिपक्यांची वर्तुळं उगवायची. तो त्यांना ‘पोरकी’ म्हणायचा. “आज किती पोरकी सापडली, वेलांटी?” “चार होती. पोचवली घरी.” निवृत्तीच्या दिवशी एकाने भाषणात सांगितलं, या माणसाने सगळ्या वेलांट्यांना शिस्त लावली. टाळ्या. त्याला भरून आलं होतं. संध्याकाळी ताईला फोन केला तेव्हा ती म्हणाली, “काय रे ढ, म्हणजे माझी ओवी खोटी पाडलीस की.” तो हसला होता. तीही हसली होती. तो फोन त्याला आत्ता, फडक्यातलं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत उतरत असताना, पहिल्यांदा आठवला.

“ताई,” त्याने हाक मारली. ती भिंतीकडे बघत होती. भिंतीवर काही नव्हतं. त्याने पाटी टेबलावर ठेवली, वाकून खुर्चीचे पाय धरले आणि खुर्ची फिरवली. खुर्ची फरशीवर किंचाळली. ताईचा डावा हात दचकून हवेत गेला, मग खाली आला. आता तिच्या समोर खिडकी होती. चौकट, आकाश, समोरच्या इमारतीची गच्ची, गच्चीवर वाळत घातलेली एक निळी चादर. “खिडकी, ताई? हेच म्हणत होतीस ना? खिडकी?” तिच्या चेहऱ्यावर ऊन आलं. तिने डोळे बारीक केले. तो तिच्या चेहऱ्याकडे तसाच बघत राहिला जसा पूर्वी यंत्राकडे बघायचा, आज्ञा देऊन झाली, आता उत्तर येईल, आता येईल. ती चादरीकडे बघत होती की चादरीच्या जागी तिला नुसतं निळं दिसत होतं, की निळंही नाही. भिंतीकडे बघताना तिचा चेहरा असाच होता. अगदी असाच. थोड्या वेळाने उन्हाने तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याने ते पुसलं आणि खुर्ची थोडी सावलीत घेतली.

बाई आल्या तेव्हा त्यांच्या चपला दारात काढायचा आवाजसुद्धा त्याला परीक्षेच्या घंटेसारखा वाटला. बाई चांगल्या होत्या. तरुण, गोड गळ्याच्या, थकलेल्या. पहिल्या झटक्यानंतर त्यांनीच सांगितलं होतं की बोलणं गेलं तरी गाणं कधीकधी उरतं, ते मेंदूत दुसऱ्या घरात राहतं, गाणं म्हणवून घ्या. ताईच्या गळ्यातून तेव्हा चाल यायची, शब्दांशिवाय, अं-अं अं-अं, आणि तो समजायचा की कुठलं तरी भजन असेल. आता तो बाईंच्या मागे मागे फिरत बोलत सुटला. “बाई, ती चुकत नव्हती. ती बरोबर लिहीत होती. मीच उलटं, म्हणजे यंत्राच्या रीतीने… तिची रीत वेगळी होती, बाई, आधी वेलांटी. ‘खिडकी’ लिहीत होती ती. हे बघा ना, काचेवर आहे अजून…” बाई समोर बसल्या, ताईच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, “काय आजी, कशा आहात?” मग पाटी हातात घेऊन, “अहो काका, काच पुसायची तरी! त्यांना दिसणार कसं?” आणि त्याने “नको, राहू द्या” म्हणेपर्यंत पर्समधून कागदी रुमाल काढून खसाखसा पुसूनही टाकली. काच लख्ख झाली. त्यात बाईंचं कपाळ दिसलं, छत दिसलं, पंखा दिसला. तो खाली बसला.

“आजी, पाणी कुठे आहे? दाखवा बरं, पाणी.” समोर तीन चित्रं. ताईने बाईंच्या बांगडीकडे बघितलं. “बरं. काका कुठे आहेत… नाही, तुमचा भाऊ. भाऊ दाखवा. हा बसलाय तो.” ताईने बांगडीला बोट लावलं. बाई हसल्या, थांबल्या. “आपण गाणं म्हणू या का? तुमचं कुठलं ते?” तेव्हा तो मधेच म्हणायला लागला, फाटक्या आवाजात, साठ-पासष्ट वर्षांत न म्हटलेली ओवी: पहिली वेलांटी, पुढे पुढे चाले… आणि तिथेच अडकला, कारण म्हणता म्हणता त्याला कळलं की गेले सगळे महिने ताई गुणगुणत होती ती चाल हीच होती. भजन नव्हतंच ते. ती त्याला धडा देत होती, आणि तो तिला. दोन मास्तर एका बाकावर, आणि शिकायला कुणीच नाही. बाईंनी त्याच्याकडे बघितलं. “म्हणा ना काका, पुढे म्हणा.” त्याने पुढे म्हटलं. मागून ती बोले, अक्षराच्या. ताईच्या ओठांकडे दोघं बघत राहिले. ओठ थोडे उघडे होते. त्यातून श्वास येत होता आणि जात होता, आणि त्याला चाल नव्हती.

“काका,” बाई स्वयंपाकघरात आल्यावर हळू म्हणाल्या, “तुम्ही म्हणता ते अगदी खरं असेल. दोन महिन्यांपूर्वी असेल. पण हा दुसरा झटका जिथे बसलाय ना…” त्यांनी वाक्य सोडून दिलं. “आता अक्षरं त्यांना अक्षरं म्हणून दिसत नसणार. नुसत्या खुणा. रेघोट्या. मी आजींच्या मुलीला खोटं नाही सांगू शकत.” “मी ते बदलतो,” तो म्हणाला. “आज्ञावली. आधी वेलांटी चालेल असं करतो. एक दिवस द्या.” “बदला ना,” बाई म्हणाल्या, पोराला खाऊ देताना म्हणतात तशा, आणि त्याला कळलं की पेपर तपासून झाला आहे. भाचीने आधीच सांगितलं होतं. “मामा, तू आणि आई दोघंही थकलात. बाई म्हणाल्या की शिकतेय, तर राहू दे तुझ्याकडे. नाहीतर रविवारी मी येते आणि तिला इथल्या त्या वृद्धांच्या घरात नेते. तिथे सगळं बघतात रे. तू काही मनाला लावून घेऊ नको.” तो म्हणाला होता, “शिकतेय गं, शिकतेय. आमच्या घराण्यात कोणी शिकायचं थांबलंय का?”

बाई गेल्यावर तो टेबलाशी बसला आणि खरंच बदलायला घेतलं. एवढंसं काम. टुक् काढायचा. वेलांटी आधी आली तर तिला थांबू द्यायचं, वर्तुळ न काढता, मागून अक्षर आलं की दोघांना जोडून दाखवायचं. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत त्याने एका दिशेने जे हजारो वेळा केलं, ते एकदा उलट्या दिशेने. पण ज्या साधनाने त्याने फळा बनवला होता, ते मधल्या महिन्यांत नवं झालं होतं. पडद्यावर लिहून आलं की तुमची आवृत्ती आता चालत नाही. नवी उतरवली. नवीत सगळं हललेलं, मेनू नाहीत, नुसती चित्रं, जिथे बोट ठेवावं तिथे दुसरंच उघडतंय. त्याने शिकवणारा व्हिडिओ लावला. एक हसरा मुलगा म्हणाला, जुन्या पद्धतीने करत असाल तर ते सगळं विसरून जा. त्याने व्हिडिओ थांबवला, मागे नेला, पुन्हा लावला. विसरून जा. मुलाचे दात पांढरे होते. तो मन लावून ऐकत होता, मान डोलवत होता, आणि शब्द कानाच्या कडेवर येऊन बसत होते, आत येत नव्हते. हे त्याला पूर्वी कधी झालं नव्हतं. कायम कुठेतरी एक जागा मोकळी असायची. आज दगड ओला होत नव्हता. त्याने तिसऱ्यांदा मागे नेलं. मग लक्षात आलं की आपण त्या मुलाच्या तोंडाकडे बघतो आहोत, ताई बाईंच्या बांगडीकडे बघत होती तसे. त्याने पाटी बंद केली. काळ्या काचेत त्याचा चेहरा आला. इकडा, तो स्वतःशी म्हणाला. तिकडा.

संध्याकाळचं ऊन खिडकीतून टेबलापर्यंत आलं होतं. टेबलाचा पृष्ठभाग गडद, जवळजवळ काळा. त्याने ताईची खुर्ची ओढून टेबलाशी आणली, खिडकीकडे तोंड करूनच, आणि स्वतः शेजारी बसला. तिच्या पाण्याच्या भांड्यात बोट बुडवलं. बोट म्हातारं झालं होतं, थेंब नीट धरेना. वेलांटी काढली. आधी. नुसती. वरून वाकलेली पाण्याची काठी, उन्हात चकाकणारी. “ताई, ही कोण? ही अजून कोणीच नाही. हिचं माणूस मागून येतंय.” मग ख. मग ड. क काढेपर्यंत वेलांटी वरून आटायला लागली होती. दुसरी वेलांटी काढली. “वाच ताई. वाळायच्या आत वाच.” ताई खाली बघत होती. अक्षरांकडे नाही, त्याच्या बोटाकडे. ख चं पोट गेलं. ड ची गाठ गेली. तो पुन्हा बोट बुडवायला निघाला. गेलेल्या वेलांटीवरून पुन्हा फिरवायचं, मग ख वरून, असं फिरवत राहिलं तर शब्द उभा राहील, निदान ऊन आहे तोवर. आणि तेवढ्यात तिच्या डाव्या हाताने त्याचं बोट पकडलं. घट्ट. “काय? काय ताई? म्हण.” तिने ते बोट आपल्याकडे ओढलं, मांडीवरच्या चादरीचं टोक चाचपून शोधलं, त्यात ते गुंडाळलं आणि चिमटीने पुसलं. सावकाश, पेराच्या खाचेतलंसुद्धा पाणी टिपून घेत. पुसून झाल्यावर कोरडं झालं का ते अंगठ्याने बघितलं. आणि सोडून दिलं.

तो थांबला. शाळा सुटल्याचे ते दोन शब्द तिने म्हणायचे होते, ते म्हटल्याशिवाय उठायचं नसतं. टेबलावर दुसरी वेलांटी तेवढी अजून ओली होती, मागे राहिलेली, घाई नसलेली. तो तिच्याकडे बघत बसून राहिला. मग तीही वाळली.